चावीचा बझर बिघडला: जुन्या गाडीत दोष कुठे आणि कसा शोधायचा

चावी इग्निशनमध्ये तशीच राहिली आणि चालकाच्या बाजूचं दार उघडलं, की डॅशबोर्डखाली करकर वाजू लागतं. हा चावीचा बझर. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून तो आला. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून बनलेल्या प्रवासी मोटारींना अशी सूचना देणारी सोय सक्तीची झाली. जनरल मोटर्सने तर १९६९ च्या मॉडेलांपासूनच इग्निशनचं कुलूप डॅशबोर्डवरून स्टिअरिंग कॉलममध्ये (स्टिअरिंगचा दांडा ज्या नळीतून जातो तिच्यात) नेलं होतं. त्या काळातली गाडी आज हाती आली, तर बझर बहुतेक वेळा मुका असतो किंवा थांबायचं नाव घेत नाही. कधी कधी मधल्या एखाद्या मालकाने वैतागून तो उपटून फेकलेला असतो.

बझर बिघडला म्हणून नवा बझर आणून लावायचा, ही नवख्याची पहिली चूक. दुसरी चूक याहून महागात पडते: थेट स्टिअरिंग उघडायला घेणं. दोन्हींची गरज क्वचित लागते. दोष कुठे आहे हे अर्ध्या तासात, स्टिअरिंगच्या एकाही स्क्रूला हात न लावता कळू शकतं. म्हणून आधी शोध, मग पाना.

सर्किट कसं चालतं

हे सर्किट म्हणजे एका ओळीत बांधलेली साखळी. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून बझर, बझरमधून चावीचा स्विच, तिथून चालकाच्या दाराचा स्विच, आणि दाराच्या स्विचमधून बॉडीला अर्थ (म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायचा रस्ता). चावी आत गेली की पहिला स्विच जुळतो, दार उघडलं की दुसरा. दोन्ही जुळले तरच करंट वाहतो आणि बझर वाजतो. इग्निशन बंद असतानाही तो वाजायला हवा, म्हणून त्याला सप्लाय कायमचा मिळतो. डोम लाइट (गाडीच्या छताचा दिवा), घड्याळ किंवा सिगार लायटर ज्या फ्यूजवर असतात, त्याच फ्यूजवर बहुधा हाही असतो.

ही सर्वसाधारण मांडणी झाली. काही गाड्यांत दाराचा स्विच अर्थच्या बाजूला नसून सप्लायच्या बाजूला असतो. फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत डोम लाइटची वायरिंग अशीच आहे. अशा गाडीत अर्थची वायर समजून भलत्या वायरला बॉडी दाखवलीत, तर फ्यूज उडेल. तेव्हा तुमच्या मॉडेलचा आणि त्याच सालचा वायरिंग डायग्राम समोर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेजारच्या सालचा चालत नाही. १९७४ च्या अमेरिकन मॉडेलांत सीटबेल्ट इंटरलॉक (बेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय) होता आणि अशा काही गाड्यांत एकच बझर दोन-तीन कामं करतो. तिथे वायरींची गर्दी जास्त असते.

जवळ काय हवं

मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (आत साधा बल्ब असलेला; एलईडीवाला नको), दोन्ही टोकांना क्लिपा आणि मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज असलेली जंपर वायर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पॉइंट घासायची बारीक कानस किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर, लांब टोकाचा पक्कड, चुंबकाची कांडी. स्टिअरिंग उघडायची वेळ आलीच तर व्हील पुलर (व्हील ओढून काढायचं हत्यार), लॉक प्लेट (स्टिअरिंग जिच्यामुळे कुलूपबंद होतं ती चकती) दाबायचं हत्यार आणि सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर लागतील. त्यांची सोय आधीपासून करायची गरज नाही.

टेस्ट लॅम्प साधा बल्बवालाच का? मल्टिमीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या, काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमधूनही तो निवांत १२ व्होल्ट दाखवतो आणि तुम्ही फसता. बल्ब पाव-अर्धा अँपिअर मागतो. कॉन्टॅक्ट खराब असेल तर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही.

पहिली कसोटी: बझरच्या जागी दिवा

१. बॅटरी तपासा. काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. कमी व्होल्टेजवर बझर नुसता कण्हतो, आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकतात.

२. फ्यूज बघा. काचेचा फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून भागत नाही. टेस्ट लॅम्पची क्लिप अर्थला लावून टोक फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या पकडींना टेकवा. एका बाजूला पेटतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज गेलेला आहे किंवा पकडीवर गंज आहे. फ्यूज जागच्या जागी चार-सहा वेळा फिरवा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

३. बझर शोधा. तो फ्यूज बॉक्सवरच खोचलेला असतो, डॅशबोर्डच्या आतल्या वायरींच्या गठ्ठ्याला चिकटपट्टीने बांधलेला असतो, किंवा हॉर्न रिलेच्याच (हॉर्नचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) डब्यात असतो. तिसरा प्रकार १९६९ नंतरच्या काही वर्षांतल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत दिसतो. तिथे आधीच्या कुणी साधा हॉर्न रिले लावून ठेवला असेल, तर हॉर्न झकास वाजतो आणि बझर मात्र नसतोच. असा रिले तुम्हीही चुकून विकत आणू नका. टर्मिनलं मोजून बघा.

४. दोन टर्मिनलांचा बझर असेल तर तो काढा आणि त्याच्या दोन टर्मिनलांच्या जागी टेस्ट लॅम्प जोडा. आता बझर जेव्हा वाजायला हवा तेव्हा दिवा पेटेल. डोकं उठवणारी करकर नाही, आणि दिवा किती उजळ आहे यावरून कॉन्टॅक्टची तब्येतही कळते.

५. चार स्थिती करून बघा: चावी आत, दार उघडं; चावी आत, दार बंद; चावी बाहेर, दार उघडं; चावी बाहेर, दार बंद. दिवा फक्त पहिल्या स्थितीत पेटायला हवा. कागदावर लिहून ठेवा, नंतर उपयोगी पडतं.

पहिल्या स्थितीत दिवा लख्ख पेटला आणि बाकी तीनमध्ये बंद राहिला, तर साखळी धड आहे आणि दोष बझरमध्येच आहे. सरळ बझर उघडण्याच्या भागाकडे जा.

दिवा पेटतच नसेल तर

साखळी कुठे तुटली हे मधूनच तोडून बघायचं. ती मधली जागा म्हणजे स्टिअरिंग कॉलमच्या तळाशी, डॅशबोर्डखाली असलेला कनेक्टर. डायग्राममधून चावीच्या स्विचच्या दोन वायरी ओळखा: एक बझरकडून आलेली, एक दाराकडे गेलेली. (पुढचं सगळं अर्थच्या बाजूला स्विच असलेल्या सर्किटसाठी आहे.)

आधी दिवा जागेवरच ठेवून बझरकडून येणाऱ्या वायरला जंपरने अर्थ द्या. दिवा पेटला, तर फ्यूजपासून इथपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. नाही पेटला, तर दोष तुमच्या मागे आहे: सप्लाय येत नाही किंवा मधली वायर तुटली आहे.

आता दार उघडं ठेवा आणि जंपरने त्या दोन वायरी एकमेकींना जोडा. पेटला? मग दाराची बाजू ठीक आहे आणि चावीचा स्विच जुळत नाही. नाही पेटला, तर जंपर तसाच ठेवून दाराच्या स्विचपाशी जा, त्याची बझरची वायर काढून बॉडीच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा पेटला की स्विच दोषी. तरीही अंधार, तर वायर.

वाजायचं थांबत नसेल तर

इथे उलट विचार करायचा: एकेक कडी सोडवत जायची आणि कोणती सोडवल्यावर दिवा विझतो ते बघायचं.

चावी बाहेर असताना, दार उघडल्यावर दिवा पेटतो? कॉलमचा कनेक्टर सोडवा. विझला, तर चावीचा स्विच अडकला आहे किंवा कॉलमच्या आत वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. विझला नाही, तर कनेक्टर आणि बझरमधली वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. दार बंद असतानाही पेटतो? दाराच्या स्विचची वायर काढा. विझला, तर स्विच दबत नाही. तसाच राहिला, तर उंबऱ्याच्या पट्टीखालून जाणारी वायर चेपली आहे का बघा. गालिचा बदलताना पट्टीचा स्क्रू नेमका वायरीतून घालण्याचं कसब अनेकांत असतं.

दाराचा स्विच

रंगकाम झालेल्या गाडीत बझर बंद पडला असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा. हा स्विच बॉडीला अर्थ घेतो तो स्वतःच्या आट्यांमधून किंवा पकडणाऱ्या स्क्रूमधून. दाराची चौकट नव्याने रंगवली की भोकाच्या कडेवर रंगाचा थर बसतो आणि अर्थ जातो. स्विच काढा, भोकाची आतली कड आणि स्विच जिथे टेकतो ती मागची बाजू कानशीने चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला आणि परत बसवा. मल्टिमीटरने स्विचची बॉडी आणि बॅटरीचं अर्थ टोक यांच्यात अर्ध्या ओहमच्या आत रेझिस्टन्स यायला हवा. बाहेर उघड्या राहिलेल्या धातूवर रंगाचा हात फिरवायला विसरू नका, नाहीतर वर्षभरात गंज.

चालकाच्या दाराचा स्विच बहुतेक गाड्यांत दोन कॉन्टॅक्टचा असतो: एक डोम लाइटसाठी, एक बझरसाठी. दुसऱ्या दाराचा एकाच कॉन्टॅक्टचा. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून डोम लाइट बरोबर पेटतो आणि बझर नाही असं असेल, तर भलत्या बाजूचा स्विच लावलेला आहे का ते बघा. दोन वायरी एकाच टर्मिनलला कोंबल्या असतील, तर दोन्ही सर्किटं एकमेकांत मिसळतात आणि बझर कधी वाजेल याचा नेम राहत नाही.

दार बंद करूनही स्विच दबत नसेल, तर स्विच बदलण्याआधी टोकावर थोडा खडू लावून दार लावा. दाराच्या पत्र्यावर खडूचा ठिपका उमटला नाही, म्हणजे टोक पोचतच नाही. बिजागरी खाली आलेली असते, नवा जाड रबर बसवलेला असतो, किंवा टोकासमोरची रबरी गादी गळून पडलेली असते.

चावीचा स्विच

आधी फुकटचे उपाय. दुसरी, कमी वापरलेली चावी घालून बघा. कुलपाच्या सिलिंडरमध्ये चावी गेली की बाजूला एक छोटं बटण बाहेर ढकललं जातं, आणि ते बटण स्विचची पत्ती दाबतं. चावी झिजली की हा ढकलण्याचा पल्ला कमी पडतो. चावी आत घालून हलकेच वर-खाली हलवल्यावर दिवा लुकलुकतो का? मग झीज किंवा मळ. सिलिंडर नवीन बदललेला असेल आणि तेव्हापासून बझर मुका झाला असेल, तर त्या नव्या सिलिंडरला ते बटण आहे का ते तपासा. बाजारात मिळणाऱ्या काही सिलिंडरांना ते नसतंच.

चावी काढल्यावरही बझर वाजत राहिला, तर बटण चिकट तेलामुळे बाहेरच अडकलं असण्याची शक्यता मोठी. कुलपात पातळ कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, चावी वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा, दर वेळी फडक्याला पुसा. फडकं काळं येणं थांबलं की कोरडं टेफ्लॉनचं वंगण द्या. कुलपाला ग्रॅफाइटची पूड घालण्याची जुनी सवय इथे मात्र आवरा. ग्रॅफाइट वीज वाहून नेतं आणि कुलपाला लागूनच उघडे कॉन्टॅक्ट आहेत.

एवढ्याने भागलं नाही, तरच कॉलम उघडायचा. गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर इथे थांबा आणि ते काम जाणत्या माणसाकडे द्या. नसेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, चाकं सरळ ठेवा, आणि व्हील आणि शाफ्ट यांवर जुळणारी खूण करून घ्या. नट सैल करून पुलरने व्हील ओढा; हातोडीने ठोकू नका, कॉलममध्ये आपटल्यावर दबणारे भाग असतात आणि ठोक्याने तेच मोडतात. खाली लॉक प्लेट आहे. तिच्यामागे जबर स्प्रिंग असते, म्हणून ती हत्याराने दाबून मगच सर्क्लिप काढा. सर्क्लिप उडते. चष्मा घाला.

इंडिकेटरचा स्विच थोडा वर उचलला की कुलपाच्या शेजारी एका अरुंद खाचेत चावीचा स्विच दिसतो. जनरल मोटर्सच्या कॉलममध्ये तो नखाएवढा असतो: प्लास्टिकच्या तुकड्यावर दोन पातळ पितळी पत्त्या, आणि त्यांना खाचेत घट्ट धरणारी वाकवलेली स्टीलची क्लिप. बाहेर काढण्याआधी मोबाइलने दोन-तीन फोटो काढा, कारण क्लिपची फुगीर बाजू कुठे होती हे नंतर हमखास आठवत नाही. लांब पक्कडीने स्विच आणि क्लिप दोन्ही एकत्र धरून सरळ वर ओढा. क्लिप सुटून कॉलममध्ये पडली, तर ती तिथेच सोडून पुढे जायचं नाही. ती कुलपाच्या यंत्रणेत अडकून स्टिअरिंग जाम करू शकते. चुंबकाच्या कांडीने ती काढल्याशिवाय काहीही परत बसवू नका. सिलिंडरही काढायचा असेल तर हा स्विच आधी काढा, नाहीतर सिलिंडर ओढताना पत्त्या मोडतात. त्या वेळी चावी कोणत्या स्थितीत हवी ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. मॉडेलागणिक फरक आहे.

पत्त्या काळ्या असतील तर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या जाड कागदाची पट्टी त्यांच्यामध्ये धरून ओढा, पट्टी स्वच्छ येईपर्यंत. पत्ती वाकली असेल तर चिमट्याने किंचित सरळ करा, पण पुन्हा पुन्हा नको. पितळ थकतं आणि तुटतं. दाबल्यावर मल्टिमीटरवर एका ओहमच्या आत, सोडल्यावर रस्ता पूर्ण तुटलेला, असं यायला हवं. प्लास्टिकला चीर असेल तर नवा स्विच घ्या, तो लहानसा सुटा भाग आहे. परत जोडताना व्हीलचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (दिलेल्या जोरानेच) आवळा.

बझर उघडताना

जुना बझर साधा आणि दुरुस्त होणारा असतो. लोखंडी गाभ्यावर कॉइल, समोर स्प्रिंगची पत्ती, आणि पत्तीवर कॉन्टॅक्टची एक जोडी. करंट आला की कॉइल पत्तीला ओढते, ओढलं की कॉन्टॅक्ट सुटतो, करंट तुटतो, पत्ती परत येते, कॉन्टॅक्ट पुन्हा जुळतो. हे सेकंदात इतक्या वेळा होतं की आपल्याला करकर ऐकू येते. कॉन्टॅक्ट सुटताना दर वेळी बारीक ठिणगी पडते. तीच पृष्ठभाग जाळते, आणि बझर घोगरा होऊन शेवटी गप्प बसतो.

डब्याच्या कडा हळूच उचकटून झाकण काढा. दोन टर्मिनलांमध्ये रेझिस्टन्स मोजा. काहीच रस्ता मिळत नसेल तर बोटाने पत्ती कॉन्टॅक्टवर दाबून पुन्हा मोजा. आता आकडा आला, तर कॉइल जिवंत आहे आणि दोष कॉन्टॅक्टचा. तरीही काही नाही, तर कॉइलचं टोक टर्मिनलपाशी तुटलं आहे का बघा. तिथलंच असेल तर सोल्डर होतं. आतून तुटली असेल तर बझर गेला.

कॉन्टॅक्ट घासताना कानशीचे दोन-तीन हात पुरेत. खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासत बसलात तर कॉन्टॅक्टच संपतो. मग अल्कोहोलने पुसा आणि तेल-ग्रीस काहीही लावू नका. फ्यूज असलेल्या जंपरने थेट बॅटरीवर जोडून वाजवा. आवाज चिरका किंवा अडखळत येत असेल तर समायोजनाचा स्क्रू पाव फेऱ्याच्या टप्प्याने फिरवा. स्क्रू नसेल तर पत्तीचा ताण अगदी किंचित बदलता येतो. आवाज येत नसताना बझर काही सेकंदांपेक्षा जास्त जोडून ठेवू नका: पत्ती चिकटलेली असेल तर करंट सतत वाहतो आणि कॉइल तापते.

बझर खरंच गेला असेल, तर जुन्यासारखाच यांत्रिक बझर मिळवणं बरं. इलेक्ट्रॉनिक बझर चालतो, पण त्याला प्लस-मायनस असतं (प्लस सप्लायकडे), आणि तो अगदी नगण्य करंट ओढतो. त्यामुळे ओलसर, मळक्या स्विचमधून झिरपणाऱ्या करंटवरही तो बारीक कुईकुई करू शकतो. यांत्रिक बझरला तेवढ्याने जागही येत नाही. त्याच बझरवर दिवे चालू राहिल्याची सूचनाही जोडायची हौस असेल, तर प्रत्येक फाट्यात १एन४००१ सारखा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला. नाहीतर एका सर्किटचा करंट उलटा दुसऱ्यात शिरतो.

सगळं जोडून झाल्यावर

त्याच चार स्थिती पुन्हा करा, या वेळी बझरसह. बझर वाजत असताना दाराच्या स्विचच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत व्होल्टेज मोजा, मग चावीच्या स्विचच्या दोन वायरींमध्ये. कुठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो कॉन्टॅक्ट अजून साफ झालेला नाही. इंजिन चालू असताना दार उघडल्यावर बझर वाजावा की नाही हे गाडीगणिक बदलतं. त्यासाठी गाडीचं हँडबुक बघा, तो लगेच दोष समजू नका. कॉलम उघडला होता तर गाडी हलवण्याआधी उभ्या गाडीत चावी प्रत्येक स्थितीत फिरवा, स्टिअरिंगचं कुलूप लागतं आणि सुटतं का ते बघा, आणि व्हील दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून आत काही घासत किंवा खडखडत नाही ना, याकडे कान द्या.